फाशावर १ पडला तरी चालणारं सैन्य: प्राचीन युद्धखेळाची एकदिवसीय स्पर्धा कशी खेळावी

डी बेलिस अँटिक्विटाटिस, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं डीबीए, हा छोट्या धातूच्या सैनिकांनी खेळायचा प्राचीन युद्धांचा खेळ आहे. फिल बार्कर आणि रिचर्ड बोडली स्कॉट यांनी त्याचे नियम १९९० मध्ये वॉरगेम्स रिसर्च ग्रुपतर्फे प्रसिद्ध केले. आज चालते ती तिसरी आवृत्ती २०१४ ची. प्रत्येकाकडे फक्त १२ एलिमेंट (म्हणजे एकेका बेसवर, छोट्या आयताकृती पट्टीवर, चिकटवलेल्या सैनिकांच्या तुकड्या), साधारण ६० ते ८० सेंटिमीटर बाजूचा चौरस पट, आणि तासाभरात निकाल. एका दिवसात चार-पाच वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी पूर्ण लढाया खेळता येतात त्या यामुळेच. ब्रिटन आणि अमेरिकेत अशा एकदिवसीय स्पर्धा कितीतरी वर्षं भरत आल्या आहेत. तिकडे राहणाऱ्या, इतिहासाची आवड असलेल्या मराठी माणसाने एक शनिवार यासाठी जरूर काढावा, असं मला मनापासून वाटतं.

हा लेख पहिल्यांदा स्पर्धेला उतरणाऱ्यांसाठी आहे. नियम शिकवणं हा इथे हेतू नाही. ते पुस्तकातूनच शिकावेत. नियम येत असतानाही पहिल्या स्पर्धेत माणूस जिथे अडतो, त्या जागा सांगतो.

त्याआधी खेळाचा गाभा. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एक फासा टाकायचा. जो आकडा येईल तितके पिप, म्हणजे हुकूम, त्या पाळीत मिळतात. एका पिपमध्ये एक एलिमेंट किंवा एकमेकांना चिकटून एकाच दिशेला तोंड केलेला गट हलतो. ६ पडला तर सगळं सैन्य हवं तसं फिरवा. १ पडला तर एकच हुकूम. चार पाळ्यांत निदान एकदा तरी १ पडण्याची शक्यता जवळपास ५२ टक्के असते. म्हणजे प्रत्येक लढाईत हा प्रसंग येणार, असं धरूनच चालायचं. सैन्य निवडण्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत मी प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नावर तपासतो: १ पडला तर माझं काय होईल?

सैन्य निवडताना

मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो शिवरायांच्या सैन्याचा. ते इथे बसत नाही. या खेळातला ‘प्राचीन’ काळ इसवी सनपूर्व ३००० पासून सुरू होतो आणि इसवी सन १५०० च्या आसपास संपतो. तोफा-बंदुकांच्या काळासाठी वेगळे नियम आहेत. पण आपल्या मातीतली सैन्यं या काळातही आहेत. कुठल्या सैन्यात काय असतं ते सांगणाऱ्या याद्यांपैकी ‘क्लासिकल इंडियन’ यादी इसवी सनपूर्व ५०० ते इसवी सन ५४५ एवढा काळ व्यापते, त्यात मौर्य आले आणि पैठणच्या सातवाहनांचा काळही आला. त्यानंतरच्या ‘हिंदू इंडियन’ यादीच्या काळात देवगिरीचे यादव येतात. हत्ती, धनुर्धारी, घोडदळ असलेलं हे सैन्य पटावर मांडलं की शेजारच्या टेबलांवरची माणसं बघायला येतात.

तरीही पहिल्या स्पर्धेला ते नेऊ नका. हत्ती ज्या चालीत आहे ती चाल एक पिप जास्त खाते. सेनापती स्वतः हत्तीवर असेल तर फक्त त्याच्या हत्तीला सूट. बाकीचे हत्ती १ पडला की जागेवर खिळतात, आणि खिळलेल्या हत्तींकडे शत्रूचं हलकं पायदळ सावकाश चालून येतं. सायलॉय आणि ऑक्झिलिया या हलक्या पायदळांकडून हत्ती नुसता हरला तरी मरतो, त्यासाठी समोरच्याची बेरीज दुप्पट असावी लागत नाही. पोरसने इसवी सनपूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी जे भोगलं त्याची चुणूक या एका नियमात आहे. हत्तींचं सैन्य चालवण्यात मोठा आनंद आहे, पण तो दुसऱ्या-तिसऱ्या स्पर्धेसाठी ठेवा.

पहिल्यांदा माझा सल्ला पॉलिबियन रोमन सैन्याचा, म्हणजे हॅनिबलशी लढलेल्या रोमनांचा. त्यात सहा ब्लेड (तलवारीचं जड पायदळ), दोन स्पिअर (भालेकरी), दोन सायलॉय, आणि सेनापती धरून दोन घोडदळाची एलिमेंट असतात. आठ जड पायदळाची फळी एका गटात उभी राहते, एका पिपमध्ये पुढे सरकते. १ पडला तरी सैन्याचा कणा चालत राहतो. अलेक्झांडरच्या मॅसिडोनियन पाइकांचं, म्हणजे लांब भाल्यांच्या पायदळाचं, आकर्षण अनेकांना असतं, पण पाइक एकामागे एक उभे केले तरच त्यांचा जोर येतो. त्यामुळे फळी अरुंद होते आणि बगला उघड्या पडतात. नवख्याला त्या बगला सांभाळणं जड जातं. सिथियनांसारखं हलक्या घोडदळाचं सैन्य तर उलट टोकाला आहे. वेगवान आहे, पण विखुरलं की प्रत्येक तुकडीला वेगळा पिप लागतो.

नोंदणी करण्याआधी स्पर्धेचा प्रकार नीट वाचा. ‘ओपन’ स्पर्धेत कुठलंही सैन्य कुणाशीही भिडतं. तुमच्या रोमनांसमोर असिरियन रथ येतील, किंवा पंधराव्या शतकातले इंग्लिश धनुर्धारी. काही स्पर्धा काळाने बांधलेल्या असतात. काही ठिकाणी एकमेकांचे ऐतिहासिक शत्रू असलेली दोन सैन्यं आणायची असतात आणि कुणी कुठलं घ्यायचं ते प्रतिस्पर्धी ठरवतो. हा शेवटचा प्रकार मला सगळ्यांत न्याय्य वाटतो, पण खर्च दुप्पट. सैन्याची यादी आधी पाठवायची असेल तर मुदतीच्या आत पाठवा, आणि यादीत पर्याय असतील तर तुम्ही कुठला घेतला ते स्पष्ट लिहा.

फिगर, बेस, रंग

बहुतेक स्पर्धा १५ मिलिमीटरच्या फिगरवर खेळल्या जातात. वर सांगितलेल्या रोमन सैन्याला ४२ फिगर लागतात: २४ ब्लेड, ८ स्पिअर, ४ सायलॉय आणि ६ घोडेस्वार. एसेक्स, झिस्टन, म्युझियम अशा कंपन्या पाकिटातून विकतात. काही विक्रेते डीबीएचं पूर्ण सैन्य एकाच पाकिटात देतात, ते नवख्याला सोयीचं.

प्रत्येक बेसची रुंदी ४० मिमी, आणि यात तडजोड नाही, कारण सगळी मोजमापं बेसच्या रुंदीवर चालतात. खोली प्रकारानुसार बदलते: ब्लेड-स्पिअरला १५ मिमी, सायलॉयला २०, घोडदळाला ३०, हत्तीला ४०. लेझरने कापलेले एमडीएफ बेस तयार मिळतात. हाताने कापलेल्या पुठ्ठ्याचे बेस आर्द्र हवेत वाकतात आणि मग फळी सरळ लागत नाही.

रंगकामाची भीती बाळगू नका. अस्तर, सपाट रंग, वरून पातळ गडद वॉश, शेवटी मॅट वार्निश, एवढ्यात सैन्य पटावर छान दिसतं. वार्निश मात्र चुकवू नका. दिवसभरात पाच माणसांच्या बोटांतून ही फिगर फिरणार आहेत. प्रत्येक बेसखाली फौजेचं नाव आणि एलिमेंटचा प्रकार बारीक अक्षरात लिहा. समोरच्याला तुमच्या ऑक्झिलियात आणि ब्लेडमध्ये फरक ओळखता आला पाहिजे. ती तुमची जबाबदारी आहे, त्याची नाही. डब्याच्या तळाला चुंबकी पत्रा आणि बेसखाली पातळ लोखंडी चकती लावली तर ट्रेनमधल्या हादऱ्यांत भाले वाकत नाहीत.

भूभागाचे तुकडेही स्वतःचे न्या. दोन्ही खेळाडू फासा टाकून त्यात आपल्या सैन्याचा आक्रमकतेचा आकडा मिळवतात. ज्याची बेरीज कमी तो बचाव करणारा, आणि भूभाग त्याच्या देशाचा. शेतीप्रधान, डोंगराळ, जंगली, गवताळ, असे प्रकार ठरलेले आहेत. प्रत्येकात काही वस्तू सक्तीच्या, काही ऐच्छिक. तुमच्या सैन्याच्या प्रकाराला लागणारे सगळे तुकडे फेल्टचे कापून न्या. टेकडी, झाडी, नांगरट, रस्ता, नदी एवढं बहुतेकांना पुरतं. तुकड्याची कड स्पष्ट हवी, कारण एलिमेंट झाडीत आहे की बाहेर, यावरून लढाई फिरते. झाडं उचलून बाजूला ठेवता येतील अशी बसवा.

सराव कसा करावा

घरी खेळणारे बहुतेक जण वेळ न लावता खेळतात आणि स्पर्धेत तिथेच मार खातात. फोनवर ६० मिनिटं लावा आणि ती वाजली की थांबा, लढाई कुठेही असो. सोबती नसेल तर दोन्ही बाजू एकट्याने खेळा, डीबीए तसंही छान चालतं.

एक सराव मी सगळ्यांना सुचवतो: काही लढाया अशा खेळा की तुमच्या बाजूला, फासा काहीही पडो, दोनपेक्षा जास्त पिप घ्यायचे नाहीत. सुरुवातीला कोंडी होते. मग कळतं की मांडणीच चुकली होती, आणि गट सलग ठेवून सेनापती मध्ये ठेवला असता तर दोन पिपही पुरले असते. हे पटावर एकदा अंगात मुरलं की प्रत्यक्ष स्पर्धेत ४ पिप श्रीमंती वाटते.

लढतीचं गणितही याच वेळी पाठ करून टाका. पायदळाविरुद्ध ब्लेड +५, स्पिअर +४, ऑक्झिलिया +३, सायलॉय +२. घोडदळाविरुद्ध ब्लेड +३ वर येतं, स्पिअर +४ वरच राहतं. म्हणून रोमनांच्या दोन स्पिअरना, म्हणजे ट्रायरी नावाच्या भालेकऱ्यांना, घोडदळासमोर उभं करायचं. दोघं एकेक फासा टाकतात. ज्याची बेरीज कमी तो सहसा मागे रेटला जातो, आणि बेरीज समोरच्याच्या निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर मरतो. मोकळ्या जमिनीवर तुमचं ब्लेड ऑक्झिलियाशी भिडलं तर त्याला मारण्याची शक्यता ३६ पैकी ६. पण त्याच ऑक्झिलियाच्या कडेला तुमचं आणखी एक एलिमेंट ओव्हरलॅपमध्ये, म्हणजे बाजूने दबाव देत, उभं असेल तर त्याला −१ लागतो आणि शक्यता ३६ पैकी १२ होते. एका वजा एकने मारण्याची शक्यता दुप्पट झाली. हे गणित ज्याला पटलं तो फाशांना दोष देणं सोडतो आणि दुसरं एलिमेंट योग्य जागी कसं न्यायचं याच्या मागे लागतो.

पिशवीत काय

सैन्य, भूभाग, सैन्याच्या छावणीचा तुकडा, नियमपुस्तक, यादीच्या दोन प्रती, नीट वाचता येणारे फासे, आणि ४० मिमीच्या खुणा केलेली पट्टी. टेपपेक्षा अशी पट्टी कितीतरी बरी. चटकन चिकटणारा गोंद ठेवा, भाले तुटतात. पाण्याची बाटली आणि डबा न्या. जेवणाची सुटी बहुधा अर्ध्या तासाची असते आणि सभागृहाच्या आसपास दुकान असेलच असं नाही. दिवसभर उभं राहून पटावर वाकायचं असतं, त्यामुळे बूट जुने, पायाला सवयीचे घाला.

सकाळी आणि पहिल्या टेबलावर

अर्धा तास आधी पोहोचा. पहिल्या फेरीच्या जोड्या बहुतेक ठिकाणी चिठ्ठीने ठरतात, पुढच्या फेऱ्यांत साधारण सारखे गुण असलेले समोरासमोर येतात. त्यामुळे पहिली लढाई हरलात तरी दिवस हातातून जात नाही. उलट, तुमच्यासारखेच नवखे पुढे भेटू लागतात.

टेबलावर गेलात की नाव सांगा, हात मिळवा, आणि सैन्याची ओळख करून द्या: हे ब्लेड, हे स्पिअर, हा सेनापती. त्याचंही सैन्य विचारून घ्या, बारीकसारीक शंकाही विचारा. इथे कुणी हसत नाही. कशाला तरी टेकून तिरका राहिलेला फासा पुन्हा टाकायचा की नाही, तेही आधीच ठरवा.

सगळ्यांत मोलाची सवय म्हणजे हेतू बोलून दाखवणं. हलवताना म्हणायचं, “मी याला तुझ्या घोडदळाच्या धाक-क्षेत्राबाहेर ठेवतोय, बरोबर?” प्रत्येक एलिमेंटच्या समोर एका बेस-रुंदीचं धाक-क्षेत्र असतं, त्यात शिरलेल्या शत्रूच्या हालचाली बांधल्या जातात. समोरचा “हो” म्हणाला की पुढच्या पाळीत मिलिमीटरवरून वाद होत नाही. चांगले खेळाडू हे सतत करतात आणि म्हणूनच त्यांच्या लढाया वेळेत संपतात.

लढाई

बचाव करणारा आधी मांडतो. तुम्ही बचावात असाल तर जड फळी मोकळ्या जमिनीवर ठेवा, तिची एक बाजू झाडीला किंवा खडकाळ टेकडीला टेकवा, आणि त्या झाडीत सायलॉय घाला. मग एकच बगल राखायची उरते, तिथे घोडदळ. सेनापती फळीच्या मागे, मध्यावर. तो टोकाला ठेवला तर दुसऱ्या टोकाला हुकूम महाग पडतात.

पिप खर्च करण्याचा क्रम ठरवून घ्या. मी असा लावतो: पहिला पिप जिथे पुढच्या पाळीत शत्रू मला मारू शकतो तिथे. दुसरा मुख्य फळीला. उरलेले बगलेच्या डावपेचांना. नवखे नेमकं उलट करतात. मजेदार घोडदळी वळसा आधी घालतात आणि मग फळीत पडलेलं भगदाड बुजवायला पिप उरत नाही.

पहिली धडक कोण देतो याला फार महत्त्व आहे. जड पायदळ एका चालीत दोन बेस-रुंदी जातं. त्याहून थोडं बाहेर थांबलात तर शत्रूला पुढे यावं लागतं आणि भिडण्याची निवड तुमच्या हाती येते. भिडण्याआधी फळी सरळ करा, टोकाला निदान एक ओव्हरलॅप मिळेल असं पाहा. हे जमत नसेल तर एक पाळी थांबा. शत्रूकडे नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार, असतील तर मात्र तुमच्या ब्लेडना मोकळ्यावर धोका आहे. तिथे नुसता हरलेला ब्लेडही मरतो. अशा वेळी स्पिअर पुढे, ब्लेड खराब जमिनीच्या आश्रयाला.

ज्याची पाळी तो लढतींचा क्रम ठरवतो. हा हक्क बरेच जण विसरतात आणि डावीकडून उजवीकडे लढत जातात. ज्या लढतीत शत्रू मेला तर शेजारच्याला ओव्हरलॅप मिळेल, ती आधी लढा. आणि बगलेला भिडायचं तर समोरून एक, बगलेला एक असं दोघांनी मिळून. ज्याच्या बगलेला शत्रू चिकटला आहे त्याला मागे रेटलं जाण्याची जागा उरत नाही. जो निकाल एरवी माघार ठरला असता तो तिथे मृत्यू ठरतो. स्पर्धेतले बहुतेक विजय दुप्पट बेरजेतून कमी आणि अशा कोंडीतून जास्त येतात.

चार एलिमेंट गमावली आणि शत्रूपेक्षा जास्त गमावली की सैन्य हरलं. त्यामुळे तीन गमावल्यावर घाबरून मागे सरू नका. शत्रूचेही तीन गेले असतील तर पुढची एक लढत दोघांना सारखीच निर्णायक आहे. तिथे तुम्हाला सोयीची लढत शोधा, बाकी फळी त्याच्या टप्प्याबाहेर ठेवा.

वेळ

तासाच्या फेरीत भूभाग आणि मांडणी दहा मिनिटांत संपली पाहिजे, आणि विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला फळ्या भिडल्या पाहिजेत. तसं झालं नाही तर लढाई अर्धवट राहते, आणि अर्धवट लढाईला सहसा कमी गुण मिळतात. समोरच्याची पाळी चालू असताना तुमचा विचार पूर्ण करा. फासा टाकला की लगेच हलवा. आघाडीवर असताना मुद्दाम रेंगाळणं नियमात बसेलही, पण ते करू नका. हे जग लहान आहे, तीच माणसं पुढच्या वर्षी भेटतात.

नियमावर मतभेद झाला तर दोघांनी मिळून एकदा पुस्तक उघडा. दोन मिनिटांत सापडलं नाही तर पंचाला बोलवा, त्याचा निर्णय माना आणि खेळत राहा. पंच बहुधा स्वतःही खेळत असतो, तेव्हा प्रश्न नेमका विचारा: “या एलिमेंटला इथून इथवर वळून भिडता येईल का?”

फेऱ्यांच्या मधल्या वेळात

निकालपत्रक भरून दोघांच्या सह्या घ्या, गमावलेल्या एलिमेंटचे आकडे दोघांनी तपासा. बरोबरी झालेले गुण सोडवायला पुढे हेच आकडे लागतात. मग हॉलबाहेर पाच मिनिटं चाला. दुपारच्या तिसऱ्या फेरीत पेंग येते आणि तिथेच साध्या चुका होतात: सेनापती पुढे गेला, बगल उघडी राहिली, सायलॉय मोकळ्यावर आले. जेवण हलकं ठेवा.

शेजारच्या टेबलांवर चालू लढाया बघा, पण तिथे सल्ला देऊ नका. संपल्यावर विचारा. या छंदातली जुनी मंडळी भरभरून सांगतात. ब्रिटनमध्ये टोनी बाथ यांनी १९६५ मध्ये सोसायटी ऑफ एन्शन्ट्स सुरू केली. तिचं स्लिंगशॉट नावाचं नियतकालिक आहे, आणि त्या वाचनातून घडलेली माणसं अशा स्पर्धांत हमखास भेटतात. मौर्यांच्या रथांवर किंवा सातवाहनांच्या नाण्यांवर त्यांच्याशी बोलायला लागलात तर वेळ कसा गेला कळत नाही. मराठी वाचकाकडे इथे देण्यासारखंही बरंच आहे. दख्खनच्या इतिहासाबद्दल त्यांना कुतूहल आहे, माहिती मात्र त्यांच्यापर्यंत फार थोडी पोहोचलेली असते.

शेवटची फेरी संपली की आधी आपली १२ एलिमेंट मोजा, मग भूभाग. फेल्टचे तुकडे दुसऱ्याच्या डब्यात जातात ते याच वेळी. टेबलं उचलायला मदत करा. आणि ट्रेनमध्ये बसल्यावर प्रत्येक लढाईबद्दल एक ओळ लिहून ठेवा: कुठल्या पाळीत १ पडला, आणि तेव्हा कुठलं एलिमेंट अडकून पडलं. चार-पाच ओळींत तेच नाव पुन्हा पुन्हा आलं, तर पुढच्या स्पर्धेला त्याची जागा बदला, किंवा यादीतला दुसरा पर्याय घ्या.